दाखवलेली जागा

जोत्याचा तिसरा थर चढत होता, त्या दिवशी मोजणीदार आला.

मिस्त्रीण तेव्हा वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन चढावरून येत होती. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, पण मान आत्ताच पोळून निघाली होती. तिला खालून तीन माणसं वर येताना दिसली. पुढं खांद्यावर साखळी टाकलेला गडी, त्याच्यामागं बगलेत नकाशाची गुंडाळी धरलेला चष्मेवाला, आणि बऱ्याच मागं दर दहा पावलांवर थांबून दम खाणारा एक म्हातारा.

तिचा नवरा उकिडवा बसून दोरी ताणत होता. तीस वर्षं त्यानं लोकांची घरं बांधली. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. राहायला मात्र सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक भाड्याची खोली, आणि तीही आता मालकाला परत हवी होती. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, म्हणून ती मिस्त्रीण. दोघांची खरी नावं कागदांपुरतीच उरली होती.

“हे काम कुणाचं?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“आमचंच,” मिस्त्री म्हणाला.

“तुम्ही बांधताय हे दिसतंय. घर कुणाचं?”

“तेच म्हणतो. माझं घर.” हे वाक्य त्यानं महिनाभर तोंडात घोळवलं होतं. आज पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोलला.

चष्मेवाल्यानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा एका दगडावर टेकला, रुमालानं गळा पुसला आणि चोरी आपलीच पकडली गेल्यासारखा खालच्या आवाजात म्हणाला, “मी कंपाउंडर. पूर्वी इथल्या दवाखान्यात होतो. बदली झाली, मग शहरातच राहिलो. ही जागा माझी आहे हो.”

मिस्त्री हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गल्लत झाली असणार. “मोजा की,” तो म्हणाला. “मोजायला कुणाची ना आहे?”

साखळीचं दुसरं टोक त्यानं स्वतःच धरलं. खालच्या रस्त्याकडेच्या जुन्या खुणेच्या दगडापासून मोजणी सुरू झाली. ऊन चढत गेलं. मिस्त्रीण घमेलं तसंच डोक्यावर घेऊन उभी होती, हे तिला मान अवघडल्यावर कळलं. मोजणीदार आकडे सांगत होता आणि मिस्त्री प्रत्येक आकड्याला मान हलवत होता. माप चुकलं असतं तर तो भांडला असता. माप बरोबर होतं. चौथी खुंटी ठोकली तेव्हा त्याचं सगळं जोतं कंपाउंडरच्या चार खुंट्यांच्या आत आलं होतं, कोपरासुद्धा बाहेर नव्हता.

“मग आमची जागा कुठं गेली?” त्यानं विचारलं.

मोजणीदारानं त्याच्याकडचा कागद मागितला. मिस्त्रिणीनं खोलीवर धावत जाऊन खरेदीखत आणलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ते वाचलं, नकाशावर बोट फिरवलं आणि उताराकडं हात केला. “ती तुमची.”

तिथं मुरमाची जुनी खाण होती. दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी शेवाळलेलं पाणी, काठावर गावानं टाकलेला राडारोडा.

“तो खड्डा आहे,” मिस्त्रीण म्हणाली.

“कागदावर मोकळी जागा आहे, बाई. खड्डा आहे की डोंगर ते कागदात लिहीत नाहीत. तुमचा कागद खरा आहे. नंबर बरोबर, नोंद बरोबर. तुम्ही बांधलं तेवढं दुसरीकडं.”

कंपाउंडर उठला. “मला काही घाई नाही,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच भिडस्तपणाची भीती वाटल्यासारखं लगेच पुढं बोलला, “म्हणजे, महिनाभर थांबतो. माझा मुलगा इथं बांधायचं म्हणतोय. तुम्ही जोतं तसंच ठेवलंत तर दगडाचे पैसे देईन.”

मिस्त्रीनं दोरी गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

*

त्या दुपारी खोलीत दार लोटून मिस्त्रिणीनं खरेदीखत मांडीवर घेतलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. मिस्त्रीला सही आणि आकडे येत, बाकी अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली. पहिली दोन पानं सगळी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांनीच भरलेली. तिसऱ्या पानावर चतुःसीमा होती.

“पूर्वेस रस्ता,” तिनं वाचलं. “दक्षिणेस ओढा. पश्चिमेस...” ती थांबली.

“वाच.”

“पश्चिमेस कंपाउंडर यांची जागा.”

म्हणजे कंपाउंडरची जागा शेजारी आहे, हे कागदात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. लेखनिकानं कचेरीच्या व्हरांड्यात हे भराभर वाचून दाखवलं होतं. आजूबाजूला दहा माणसं बोलत होती, शिक्के आपटत होते. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता आणि त्याच्या खांद्यावर दादाचा हात होता.

दादा म्हणजे मिस्त्रिणीचा सख्खा थोरला भाऊ. गावात त्याची पिठाची गिरणी. जागा त्यानंच विकली होती.

भिंतीला टेकून मिस्त्री पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. तो काही बोलत नव्हता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. कारण व्यवहार ठरला तेव्हा तो म्हणाला होता, “आधी सरकारी मोजणी करून घेऊ.” आणि तीच उसळली होती, “दादाला काय वाटेल? लोकांच्या भिंती ओळंब्यानं बघता, आता माणसंपण ओळंब्यानंच बघणार का?” दादा ते ऐकून मोठ्यानं हसला होता. मिस्त्रीही ओशाळून हसला होता. मोजणी राहिली ती राहिलीच.

“बोला तरी काही,” ती म्हणाली.

“सिमेंटची पोती उघड्यावर आहेत,” तो म्हणाला. “आत आणायला पाहिजेत.”

*

गिरणीत दळणाची रांग होती. डबे आणि पिशव्या भिंतीला लावलेल्या, बायका पदरानं नाक झाकून उभ्या. मिस्त्रीणही रांगेत उभी राहिली. दादाच्या भुवया आणि पापण्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं तिला पाहिलं, पण तिच्यापुढच्या तिघींचं दळण उरकेपर्यंत हाक मारली नाही.

“काय गं धाकटे, दळण कुठंय?”

“दळण नाही. बोलायचंय.”

“बोल की.” त्यानं पट्टा थांबवला नाही. जात्याची घरघर इतकी होती, की तिला ओरडावं लागलं, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं.

“आम्हाला वरची जागा दाखवलीस आणि कागदावर खाण लिहिलीस!”

“कागद मी नाही लिहिला. लेखनिकानं लिहिला. वाचून दाखवला. तुझ्या नवऱ्यानं मान डोलावली.”

“तू आम्हाला वर घेऊन गेलास. पायानं रेघ मारलीस. म्हणालास, इथं दार काढा, वारा चांगला येतो.”

दादानं पुढच्या बाईचा डबा उचलून धान्य ओतलं. “वरून खालची जागा नीट दिसते म्हणून वर नेलं,” तो म्हणाला. “तुम्हीच तिथं बांधायला लागलात, त्याला मी काय करू? मला वाटलं, कंपाउंडरशी परस्पर बोलणं झालं असेल तुमचं.”

एक बाई फिसकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. मिस्त्रिणीचे कान तापले. ती रांग सोडून थेट पट्ट्याजवळ गेली.

“बापाच्या जमिनीतला वाटा मी सही करून तुला सोडला. एका शब्दानं मागितला नाही. त्या बदल्यात हे?”

आता मात्र दादानं हात पुसले. तो तिच्या कानाशी वाकला. त्याच्या अंगाला गरम पिठाचा वास होता, तिच्या लहानपणापासूनचा. “तुझा वाटा फुकट नाही घेतला. आईला मी सांभाळतो, ते विसरू नकोस. आणि एक ऐकून ठेव. कोर्टाची पायरी चढलीस, तर माझ्या घराची उतरलीस. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही.”

मग तो सरळ झाला आणि रांगेकडं बघून म्हणाला, “हं, कुणाचा नंबर?”

*

वकिलाची कचेरी तालुक्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर. लोखंडी जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबावं लागायचं. ही दोघं तशी तीनदा थांबली. वकील तरुण होता, पण फुकाचा धीर देणारा नव्हता.

“इथं काय लिहिलंय बघा,” तो म्हणाला. “‘जागा प्रत्यक्ष पाहिली, ताबा मिळाला, काही तक्रार नाही.’ आणि ही खाली तुमची सही. आता तुम्ही म्हणणार, दाखवली एक आणि लिहिली दुसरी. खरंही असेल. पण लिहिलेल्याला पुरावा लागत नाही, दाखवलेल्याला लागतो. दाखवली तेव्हा कोण कोण होतं?”

“आम्ही दोघं,” मिस्त्रीण म्हणाली. “दादा. आणि...” ती आठवू लागली. त्या दिवशी आईही हट्टानं आली होती. लेकीचं घर कुठं होणार ते बघायचंय म्हणाली, आणि काठी टेकत टेकत चढ चढली. “आणि माझी आई.”

वकिलानं पेन उचललं. “तुमची आई, म्हणजे त्यांचीही आईच की.”

“हो.”

“मग झालं! तुमचं दोघांचं बोलणं कोर्ट तुमच्या सोयीचं धरणार. पण विकणाऱ्याची आईच विकणाऱ्याच्या विरोधात बोलली, तर त्यापुढं दुसरं काही लागत नाही. त्यांना घेऊन या. जबाब लिहून घेतो, मग दावा लावू. खरेदीखत रद्द करून मागू.”

जिना उतरताना मिस्त्रीच्या पावलांत बऱ्याच दिवसांनी जोर होता. परत येताना बसमध्ये त्यानं तिला खिडकीची जागा दिली. “बोलतील त्या,” तो म्हणाला. “सासूबाई सरळ आहेत.”

*

आईला आणायला जावं कसं, या विचारात तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आई स्वतःच दारात उभी राहिली. एवढं अंतर उन्हातून चालत आली होती. ओठ कोरडे पडले होते. मिस्त्रिणीनं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. आईनं अर्धा तांब्या पिऊन पदरानं तोंड टिपलं.

“तू बोलवायला येशील म्हणून मीच आले. तू दारात आली असतीस तर त्यानं तमाशा केला असता.”

मिस्त्रिणीनं तिच्या पायाशी बैठक मारली. सिमेंटनं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. आईनं तो हात ओढून मांडीवर घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

“आई, तू होतीस ना त्या दिवशी?”

“होते.”

“त्यानं रेघ मारली ती पाहिलीस?”

“पाहिली. तो काय करतोय ते मला तेव्हाच कळलं होतं.”

मिस्त्रिणीनं हात काढून घेतला. बाहेर दुकानात कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होतं.

“तेव्हाच कळलं होतं?”

“कंपाउंडरची जागा मला ठाऊक नाही का? तुझ्या बापासमोर घेतली त्यानं.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, करेल नंतर नीट. कंपाउंडरकडून विकत घेईल, काहीतरी करेल. त्याच्या बाबतीत मला दर वेळी असंच वाटत आलंय.” आई भिंतीकडं बघत बोलत होती. “आणि तुम्ही दोघं किती हरखला होतात. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.”

“आता बोल. वकील म्हणतो, तू बोललीस की झालं.”

“बोलले की मग मी जाऊ कुठं?”

“इथं ये. माझ्याकडं.”

आईनं खोलीवरून नजर फिरवली. एक खाट, एक ट्रंक, कोपऱ्यात रचलेली सिमेंटची पोती, वर तापलेला पत्रा. तिला काही बोलावं लागलं नाही. तरी ती बोललीच.

“महिन्या-दोन महिन्यांत तुम्हालाच इथून निघायचंय. मला कुठं नेणार, खाणीत? मला त्याच्या घरात मरायचंय, बाई. सुनेचा हात जड आहे, पण अंथरूण तिथं आहे, संडास घरात आहे. या वयाला तेवढंच लागतं.” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “कोर्टानं बोलावलं तर मी सांगेन, मी नव्हते तिथं. देवाशपथ सांगेन. मला ते करायला लावू नकोस.”

मिस्त्रिणीला तिला घालवून द्यावंसंही वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ऊन कलल्यावर छत्री घेऊन तिनं आईला परत नेलं. गिरणीच्या अलीकडच्या वळणावर आई थांबली. “इथून जाते मी,” म्हणाली. मिस्त्रीण वळणावरच उभी राहिली. आई फाटकाशी पोचली तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला, “कुठं उलथला होतात इतका वेळ?” आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मिस्त्री कामावरून आल्यावर तिनं त्याला एवढंच सांगितलं, “आई येऊन गेली.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. पाणी प्यायली.”

त्यानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मग हातपाय धुवायला गेला.

*

ठरल्या दिवशी दोघंच तालुक्याला गेली. वकिलानं त्यांच्या मागं दाराकडं पाहिलं.

“सासूबाई कुठंयत?”

“ती नव्हती,” मिस्त्रीण म्हणाली.

“म्हणजे?”

“त्या दिवशी ती तिथं नव्हती. मागच्या खेपेला चुकून बोलले मी. ती घरी होती.”

वकिलानं पेन खाली ठेवलं. “बाई, नीट आठवून सांगा. यावर सगळं उभं आहे.”

“आठवूनच सांगते.”

खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, त्याची थरथर टेबलाला लागत होती. वकील मिस्त्रीकडं वळला. “मिस्त्री, तुम्ही सांगा. होत्या की नव्हत्या?”

मिस्त्रीण नवऱ्याकडं बघू शकली नाही. ती टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. तीस वर्षांचं काम त्या एका शब्दावर टांगलं होतं, आणि तो शब्द खरा होता. खरं बोलायला त्याला कुणाची परवानगी नको होती. मोजणीच्या दिवशी साखळीचं टोक त्यानं स्वतःहून धरलं होतं.

मिस्त्री अंगठ्याच्या नखाखालचं वाळलेलं सिमेंट खरवडत होता. ते निघेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

“घरीच होत्या,” तो म्हणाला. “गुडघे दुखतात त्यांचे. तो चढ त्यांना चढवत नाही.”

वकील दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. तो मूर्ख नव्हता. “ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “दावा लावू. पण आधीच सांगतो, तुमच्या बाजूला तुम्ही दोघं, आणि त्यांच्या बाजूला तुमचीच सही. वर्षं जातील. आणि कंपाउंडरच्या जागेवरचं बांधकाम तोवर उतरवावंच लागेल. त्याला कुठलं कोर्ट थांबवणार नाही.”

बस थांब्यावर सावली नव्हती. दोघं एका बंद टपरीच्या आडोशाला उभी राहिली.

“मी तुम्हाला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली.

“मोजणी नको म्हणालीस, तेव्हा तरी कुठं विचारलं होतंस?”

इतक्या दिवसांत त्यानं ते पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. तिला ते शिवीपेक्षा जास्त लागलं आणि थोडं हलकंही वाटलं. ती रडली नाही. बस आली, बसायला जागा नव्हती. दोघं दांड्याला धरून एकमेकांसमोर उभी राहिली.

“उद्या उजाडताच निघू,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “ऊन चढायच्या आत एक थर निघाला पाहिजे.”

“कंपाउंडर पैसे देतो म्हणाला होता. तसंच ठेवलं तर.”

“नको. दगड माझे आहेत.”

*

सकाळी माळावर वारा होता. चांगला वारा होता, दादा खोटं बोलला नव्हता. मिस्त्रीनं उत्तरेच्या कोपऱ्यातला वरचा दगड निवडला, सांध्यात पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. दगड हलला नाही. त्यानं पहार काढून छिन्नी लावली, वर घण मारला. सांध्यातल्या सिमेंटचे टवके उडाले, दगड तसाच. मिस्त्रीण घमेलं घेऊन टवके गोळा करायला बसली होती. अर्धा तास झाला तरी तिच्या घमेल्यात मूठभरच टवके जमले होते.

मिस्त्रीच्या पाठीवर सदरा चिकटला. खालच्या रस्त्यानं दोन बायका दळणाचे डबे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघू लागल्या. मिस्त्रिणीनं त्यांच्याकडं पाठ केली.

“माल कसला घातला होता एवढा?” तिनं विचारलं.

“चारास एक.”

“लोकांना तर सहा घमेली वाळूला एक सिमेंट घालता.”

“लोकांचं असतं ते,” मिस्त्री म्हणाला, आणि घण खाली टेकवून तो एकाएकी हसला. खो खो हसला, इतका, की त्याला ठसका लागला आणि तो जोत्यावर बसला. तीही हसू लागली. खालच्या बायका एकमेकींकडं बघून निघून गेल्या. मग त्याचं हसणं थांबलं, पण खांदे हलायचे थांबले नाहीत. ती जवळ गेली नाही. तिनं तांब्या त्याच्या हाताला लागेल असा ठेवला आणि घण उचलला.

घण जड होता. पहिला घाव दगडावर बसला आणि तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

“तिथं नको,” मिस्त्री म्हणाला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, उठून आला आणि छिन्नी धरून बसला. “सांध्यात मार. दगडावर मारलंस तर हात जाईल तुझा.”

“हलवू नका.”

“नाही हलवत. मार.”

तिनं सांध्यात मारलं.